चुना टाकला की पाणी सुधारतं, चार दिवसांत परत आंबट

माझा भाचा मूळचा गोव्यातल्या सत्तरी तालुक्याचा, नोकरीला ईशान्येत एका कोळसा खाणीवर. चतुर्थीला घरी आला होता. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधता बांधता त्याने विषय काढला.

"मामा, तीन वर्षं तेच चाललंय. खाणीतून निघणाऱ्या पाण्यात चुना घालतो, पीएच सातवर येतो, तळ्यातून पुढे सोडतो. खालच्या ओढ्यात मोजला की परत साडेतीन-चार. चुना वाढवला, पोत्यांचा खर्च दुप्पट झाला, तरी तेच. तुम्हाला काय वाटतं, चुन्यात भेसळ असेल?"

पीएच म्हणजे आंबटपणाचं माप: सात म्हणजे ना आंबट ना अल्कधर्मी, आकडा जितका खाली तितकं पाणी आंबट. चुन्यात भेसळ नव्हती. त्या पट्ट्यात मी स्वतः अकरा वर्षं काढलीत आणि सुरुवातीची कितीतरी वर्षं अशीच पोती मोजण्यात घालवलीत. रात्री आरत्या झाल्यावर त्याला कागदावर जे मांडून दाखवलं तेच इथे लिहितोय. आपली कितीतरी मुलं अशा खाणींवर कामाला आहेत, त्यांना उपयोग होईल. आणि दुसरं म्हणजे, मेघालयातल्या रंग बदललेल्या नद्यांचे व्हिडिओ बघून इथे डिचोली-सत्तरीतही लोक व्हाळात, म्हणजे ओढ्यात, चुन्याची पोती रिकामी करायला निघालेत. त्यांच्याशीही बोलायचंय, ते खाली येईलच.

आधी पाणी आंबट का होतं ते. कोळशाच्या थरात आणि त्याच्या वरखालच्या काळ्या दगडात पायराइट असतं. लोखंड आणि गंधक यांचं हे खनिज, फोडलेल्या ढेकळात सोनेरी चकाकतं. जमिनीत गाडलेलं असतं तोवर ते कुणाच्या अध्यात ना मध्यात. खाणीमुळे ते उघडं पडलं, हवा आणि पाणी दोन्ही लागलं, की त्यातून गंधकाम्ल आणि विरघळलेलं लोखंड सुटू लागतं. पाणी पुरेसं आंबट झालं की काही जिवाणू तिथे बस्तान बसवतात. हे विरघळलेलं लोखंड गंजलेल्या रूपात पालटायला नुसत्या हवेला जो काळ लागला असता, त्याच्या लाखो पट वेगाने ते काम हे जिवाणू उरकतात. पालटलेलं लोखंड उलटून पायराइटवरच तुटून पडतं, आणि त्या झटापटीला हवेचीही गरज लागत नाही. म्हणून हे दुखणं एकदा लागलं की खाण बंद पडली तरी थांबत नाही.

सगळ्याच कोळशाला हे दुखणं सारखं नसतं. आपल्या वणी-चंद्रपूरकडच्या कोळशात गंधक सहसा एक टक्क्याच्या आत. आसामातल्या माकुमचा आणि मेघालयातल्या जैंतिया टेकड्यांचा कोळसा भूशास्त्राच्या हिशेबाने कोवळा आणि गंधकाने भरलेला. मेघालयातल्या उंदराच्या बिळांसारख्या अरुंद खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने एप्रिल २०१४ मध्ये बंदी घातली, पण आधी खोदून सोडलेल्या बिळांतून पाणी वाहतंच आहे. त्या डोंगरांतून खाली येणाऱ्या कोपिली नदीच्या आंबट पाण्याने आसामातल्या जलविद्युत प्रकल्पाची यंत्रं खाल्ली. लोखंड खाणारं पाणी माशांना काय सोडणार?

आता भाच्याच्या प्रश्नाकडे.

तिथलं एक ठिकाण माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. जुन्या बोगद्याच्या तोंडातून पाणी यायचं. ओंजळीत घेतलं तर विहिरीच्या पाण्यासारखं नितळ. पीएच ५.८. कुणीही म्हणालं असतं, चांगलं पाणी आहे. तिथून दोनशे पावलं खाली गेलं की दगडांवर केशरी साय धरलेली. पाय ठेवला तर निसरडं, बोटाला लागलं की हळदीसारखं नखात बसायचं. तिथे पीएच ३.४. या दोनशे पावलांत बाजूने एक थेंबही मिसळत नव्हता.

मग आम्ल आलं कुठून? ते पाण्यात आधीपासूनच होतं, फक्त पीएचमध्ये दिसत नव्हतं. बोगद्याच्या आत हवा नाही, त्यामुळे लोखंड विरघळलेल्या रूपात गप्प असतं. बाहेर येऊन हवा लागली की त्याचा गंज बनून खाली बसतो, आणि लोखंडाचा एकेक कण गंज होताना पाण्यात नवं आम्ल सोडतो. पीएच फक्त या घडीला मोकळं असलेलं आम्ल दाखवतो. पुढे किती सुटणार आहे याचा त्याला पत्ता नसतो.

हे आकड्यांत मांडलं की डोकं लख्ख होतं. किती आम्ल आहे ते मारायला किती चुनखडी लागेल, या मापाने मोजायचं. विरघळलेलं, न गंजलेलं लोखंड लिटरला १ मिलिग्रॅम असेल तर सुमारे १.८ मिलिग्रॅम चुनखडी लागते. अ‍ॅल्युमिनियमच्या १ मिलिग्रॅमला सुमारे ५.६. भाच्याच्या पाण्याचा पीएच होता ४, लोखंड १०० मिलिग्रॅम, अ‍ॅल्युमिनियम १०. पीएच ४ म्हणजे मोकळं आम्ल किती? फक्त ५ मिलिग्रॅम चुनखडीइतकं. लोखंडाचं १७९. अ‍ॅल्युमिनियमचं ५६. बेरीज २४०. म्हणजे २४० रुपये देणं असताना पीएचचा कागद पाचच रुपयांची चिठ्ठी हातात देतो.

पाणी सेकंदाला ५ लिटर येत होतं. दिवसाला ४३२ घनमीटर. त्याला रोज सुमारे १०४ किलो शुद्ध चुनखडी, किंवा विरवलेला चुना असेल तर ७७ किलो लागतो. त्याच्याकडे पीएच ७ दिसला की चुना थांबवत. त्या घडीला मोकळं आम्ल आणि अ‍ॅल्युमिनियमचं आम्ल फिटलेलं असायचं, लोखंडाची बहुतेक उधारी मात्र तशीच पाण्याबरोबर ओढ्यात उतरायची आणि तिथे वसूल व्हायची.

"पण मामा, मग चुना वाढवल्यावर तरी फरक पडायला हवा होता."

पडला नाही, कारण हवा कमी होती. इथे बहुतेक जण फसतात. १ मिलिग्रॅम प्राणवायू सुमारे ७ मिलिग्रॅम लोखंड गंजवतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत पाण्यात मावून मावून लिटरला ८ मिलिग्रॅमच्या आसपास प्राणवायू मावतो. म्हणजे पाणी एकदा हवेने भरून घेतलं तरी ५६ मिलिग्रॅम लोखंडच निकालात निघणार. उरलेलं ४४ तुम्ही कितीही चुना ओता, पुढे जाणारच. जास्तीचा चुना न विरघळता तळाशी बसतो, त्यावर लोखंडाचा लेप चढतो आणि तो फुकट जातो. शिवाय आपल्याकडे बाहेर सोडायच्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९.० मध्ये असावा लागतो. ९ च्या वर नेलात तर नियमही मोडतो आणि आधी खाली बसलेलं अ‍ॅल्युमिनियम परत विरघळायला लागतं.

म्हणून क्रम असा ठेवायचा. चुन्याने पीएच साडेआठपर्यंत न्यायचा, कारण पीएच एक अंकाने वाढला की लोखंड गंजण्याचा वेग शंभरेक पटींनी वाढतो. मग पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून आदळत खाली आणायचं. थोडं थांबवून परत पायऱ्या. लोखंड १०० असेल तर एका उतरणीने भागत नाही, दोन लागतात. त्यानंतर तळं. डोंगराळ भागात पायऱ्यांना वीज लागत नाही, पंप लागत नाही, उतार फुकट मिळतो. त्याच्या खाणीवर मात्र पाणी पाइपातून गुपचूप तळ्याच्या तळाशी सोडलं होतं. नीटनेटकं दिसतं म्हणून. पाण्याला हवा लागायची एकमेव संधी त्या पाइपाने हिरावून घेतली होती.

हे घरबसल्या तपासता येतं. माशांच्या टाकीत बुडबुडे सोडणारा छोटा पंप मिळतो ना, म्हापशाच्या बाजारातही मिळेल, तो घ्यायचा. तळ्याच्या तोंडाचं चुना घातलेलं पाणी बादलीत घेऊन पीएच मोजायचा, रात्रभर बुडबुडे सोडायचे, सकाळी परत मोजायचा. सातचा चार झाला तर उधारी बाकी आहे. प्रयोगशाळेकडून करून घ्यायचं असेल तर नुसता पीएच मागू नका. नमुना हायड्रोजन पेरॉक्साइड घालून उकळवून एकूण आम्लता काढून द्या, असं सांगा. नमुन्याची बाटली काठोकाठ भरायची, बुचाखाली हवेचा बुडबुडाही नको. अर्धी भरलेली बाटली तीन दिवस गाडीत हिंदकळत गेली की वाटेतच लोखंड गंजतं, आणि कागदावर येतो तो तुमच्या झऱ्याचा नव्हे, बाटलीचा पीएच.

तळ्याचंही एक बघायला सांगितलं. हिशेबाने पाणी त्यात एक दिवस थांबायला हवं होतं. गेल्यावर त्याने एका टोकाला मिठाचं पोतं विरघळवून ओतलं आणि दुसऱ्या टोकाला विद्युतवाहकता मोजत उभा राहिला. पन्नास मिनिटांत मीठ पोचलं. निम्मं तळं केशरी गाळाने भरलेलं, आणि उरलेल्या भागात पाण्याने सरळ वाट पाडून घेतलेली. हा गाळ फार फसवा असतो, बघायला ढीगभर, पण त्यात घन भाग शंभरात चार-पाचसुद्धा नसतो, बाकी सगळं पाणी. म्हणून तळं अंदाजापेक्षा फार लवकर भरतं. गाळ उपसून बांबूच्या तट्ट्यांचे आडवे पडदे घातले की पाणी नागमोडी फिरतं. काम चार माणसांचं, दोन दिवसांचं.

आता चुनखडीच्या दगडांनी भरलेल्या चराबद्दल, कारण "चुन्याऐवजी चुनखडीच टाकू, स्वस्त पडेल" हे हमखास निघतं. स्वस्त पडते, खरंच पडते. जैंतिया टेकड्यांत तर कोळशाच्या शेजारीच चुनखडीचे डोंगर आहेत. पण आंबट पाणी उघड्या चरातून चुनखडीवर सोडलं की काही महिन्यांत दगडांवर गंजाचं कवच चढतं आणि दगड बहिरा होतो. यावर दोन वाटा आहेत. उतार तीव्र असेल, शंभर मीटरला वीस मीटरहून जास्त, तर पाण्याच्या धक्क्याने कवच खरवडलं जातं आणि उघडा चर चालतो. उतार नसेल तर चर मातीखाली पूर्ण गाडून, हवा न लागू देता, लोखंड गंजायच्या आधीच पाणी चुनखडीतून न्यायचं. हवा पुढे द्यायची. ही गाडलेल्या चराची युक्ती फार सुंदर आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. येणाऱ्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू, गंजलेलं लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम, तिन्ही लिटरला १ मिलिग्रॅमच्या आत हवीत. भाच्याकडे अ‍ॅल्युमिनियमच १० होतं. तो चर वर्षाच्या आत पांढऱ्या चिकट गाळाने तुंबला असता, म्हणून त्याला मी स्पष्ट नको सांगितलं. अशा पाण्याला शेण, भाताचा पेंढा आणि चुनखडी यांचे थर रचून पाणी वरून खाली झिरपवावं लागतं. त्या सडत्या थरात प्राणवायू संपतो आणि गंधकावर जगणारे दुसरे जिवाणू आम्लाची बाजू उलटवतात. तो थरही तुंबतो, पण धुऊन काढायची सोय आधीच करून ठेवता येते.

चुनखडी घेताना एक खूण लक्षात ठेवा. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चांगली चुनखडी लगेच फसफसते. डोलोमाइट, म्हणजे चुनखडीसारखाच दिसणारा मॅग्नेशियमवाला दगड, असेल तर अख्ख्या दगडावर जेमतेम हालचाल, पूड केल्यावरच फसफसतं. डोलोमाइट विकत घेऊन वर्षभर वाट बघत बसलेले लोक मी पाहिलेत.

हे सगळं झालं तोंडाशी उभं राहून करायचं काम. मन लावायचं ते मुळाशी, म्हणजे खाणीच्या टाकाऊ दगडांच्या ढिगाशी. माझ्या वेळचा एक एप्रिल आठवतो. कोरड्या दिवसांत ढिगाच्या पायथ्याच्या दगडांवर पांढरी-पिवळी बुरशी आल्यासारखे क्षार फुललेले. हात लावला की भुकटी. ते साठलेलं आम्लच. वळवाचा पहिला पाऊस अर्धा तास झाला आणि ओढ्याचा पीएच वर्षातल्या सगळ्यात खालच्या आकड्यावर गेला. त्या दिवशी कुणी चुना वाढवला नव्हता, कारण ठरल्या मापाने घालायची पद्धत. वर्षभराचे मासे त्या अर्ध्या तासात मेले. तिथल्या साहेबांनी तो पाऊस "अपवाद" म्हणून वहीत लिहिला. अपवाद कसला, दर एप्रिलला तेच व्हायचं.

म्हणून ढिगावर पाणीच पोचू नये अशी व्यवस्था आधी. डोंगरावरून येणारं स्वच्छ पाणी ढिगाला वळसा घालून जाईल असा चर काढायचा. सगळ्या उपायांत मला हाच पहिला वाटतो, कारण जे पाणी ढिगात शिरलंच नाही त्याला चुना लागत नाही. काळा पायराइटवाला दगड वेगळा काढून ढिगाच्या पोटात, चिकणमातीत गुंडाळून, थराथराने दाबून ठेवायचा. उघड्यावर, कडेला लोटायचा नाही. जमलं तर ताजा दगड पाण्याखाली कायमचा बुडवायचा. पाण्यातून प्राणवायू हवेच्या मानाने दहा हजार पट हळू सरकतो. पण उन्हापावसात वर्षानुवर्षं पडलेला, क्षार फुललेला जुना ढीग तसाच बुडवू नका. सगळे क्षार एकदम विरघळतील. आधी चुना मिसळा.

किती मिसळायचा? दगडात पायराइटचं गंधक १ टक्का असेल तर टनामागे ३१.२५ किलो चुनखडी. इथे माकुम-जैंतियाच्या कोळशाची एक मेख आहे. त्यातलं बरंचसं गंधक पायराइटचं नसून कोळशाच्या सेंद्रिय भागातच गुंफलेलं असतं, आणि ते असं आम्ल सोडत नाही. प्रयोगशाळेने एकूण गंधक ४ टक्के दिलं आणि तुम्ही त्याला ३१.२५ ने गुणलंत, तर गरजेच्या कितीतरी पट चुनखडी वाहून आणाल. पायराइटचं गंधक वेगळं काढून मागा.

आता आपल्या व्हाळाकडे वळतो.

गोव्यात कोळशाची खाण नाही. मुरगाव बंदरात कोळसा येतो तो जहाजाने आणि रेल्वेने पुढे कर्नाटकात जातो. आपल्या खाणी लोहखनिजाच्या, आणि आपलं खनिज म्हणजे हेमेटाइट, गोएथाइट. लोखंडाचा गंजच तो, निसर्गाने कधीच करून ठेवलेला. गंजलेलं परत गंजत नाही, त्यामुळे त्यातून कोळशासारखं आम्ल सुटत नाही. पावसाळ्यात आपल्याकडे जे तांबडं पाणी शेतात उतरतं ते बहुतेक ठिकाणी खाणमातीचा बारीक गाळ असतो. पिसुर्लेतल्या शेतकऱ्यांचं वर्षानुवर्षांचं गाऱ्हाणं याच गाळाचं आहे. तो भातशेतीवर बसला की वाळल्यावर थापी मारल्यासारखा घट्ट होतो, रोपांच्या मुळांना श्वास मिळत नाही. त्याचं दुःख कोळशाच्या आम्लापेक्षा हलकं मुळीच नाही, पण त्याचं औषध वेगळं आहे. या गाळावर चुना टाकून काही होत नाही. आपली जांभ्याची जमीन मुळात आम्लधर्मी असल्याने चुन्याने पीक थोडं सुधारतं, आणि लोकांना वाटतं खाणीचं पाणी बरं झालं. गाळ जिथल्या तिथेच राहतो.

ओळखायला काचेची बाटली पुरे. पावसाच्या सरीनंतर व्हाळाचं पाणी भरून रात्रभर ठेवा. सकाळी खाली तांबडा थर आणि वर पाणी निवळ, किंवा अजून गढूळ पण तुरटी फिरवल्यावर निवळलं, आणि पीएचची पट्टी सहा-सातच्या आसपास, तर तो गाळ. याउलट पाणी भरताना नितळ होतं आणि बाटलीत राहून राहून केशरी झालं, पट्टी चारकडे झुकली, तर मात्र लोखंड विरघळलेलं आहे, आणि वर लिहिलेलं सगळं लागू. आणखी एक फरक असा की गाळाचं पाणी पाऊस उघडला की निवळतं, आंबट पाणी उघडीपीतही तसंच राहतं. कडेच्या डबक्यावर तेलकट तवंग दिसला तर घाबरण्याआधी काडीने ढोसा. काचेसारखे तुकडे झाले तर ते लोखंडावर जगणारे जिवाणू, आपल्या जांभ्यात पुष्कळ असतात. तवंग परत एकजीव झाला तर तेल.

एका ठिकाणी मात्र मी इथेही सावध राहीन. खाडीकाठच्या खारफुटीचा काळा, कुजक्या अंड्याच्या वासाचा चिखल. अशा चिखलात पायराइट साठू शकतं. तो उपसून बांधावर उन्हात टाकला तर कोळशाच्या ढिगाचीच कथा सुरू होऊ शकते. केरळात कुट्टनाडच्या करी जमिनी अशाच आंबट झालेल्या आहेत. खाजन शेतीत, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीत, मानस (बांधातलं पाण्याचं दार) दुरुस्त करताना किंवा पोय (मानशीच्या आतलं तळं) उपसताना त्या चिखलाची मूठभर वाळवून, पाण्यात कालवून पट्टी लावून बघा.

गाळाचा बंदोबस्त ढिगाच्या पायथ्याशीच करायचा. जांभ्या दगडाची भिंत, उतारावर काथ्याची जाळी आणि गवत, पायथ्याला गाळखड्डे, आणि ते खड्डे मे संपायच्या आत रिकामे. जूनमध्ये खड्डा भरलेला असेल तर तो नसल्यासारखाच. पंचायतीने खाणवाल्यांना विचारायचं तर हेच विचारावं. खड्डा शेवटचा कधी उपसला, आणि उपसलेला गाळ कुठे टाकला?

भाच्याचा परवा फोन आला होता. तळ्यातला पाइप काढून त्याने दगडांच्या दोन उतरणी केल्यात. चुना रोज ८० किलोच्या आत आलाय आणि खालच्या ओढ्यात पीएच सहाच्या वर टिकलाय. पण हे कोरड्या दिवसांतलं मोजमाप. त्याला मी सांगितलंय की ढिगाच्या वरचा चर मार्चच्या आत पुरा कर, आणि वळवाचा पहिला पाऊस सुरू झाला की छत्री घेऊन पायथ्याशी उभा राहा. दर दहा मिनिटांनी एक बाटली, काठोकाठ.